बाबागाडीला वाट

मला लिहायला लावलंय म्हणून लिहितोय. हौस नाही. पंधराव्या वर्षी शाळा सुटली ती सुटली. त्यानंतर कागदावर सही सोडून मी फारसं काही केलेलं नाही, आणि माझं अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी गेल्यासारखं. पण क्लिफ समोर बसलाय. माझा धाकटा भाऊ. साखर न घालता चहा ढवळतोय. "लिहितोस ना, वॉल्ट?" असं पुन्हा पुन्हा विचारतोय. लिहितोय बाबा, लिहितोय. तुझ्या हाताला कंप सुटला म्हणून मी लिहायचं, मग माझा गुडघा दुखतोय तो कुणी दुखवून घ्यायचा?

आधीच सांगतो, मी तिथं नव्हतो. झाडांना बल्ब बांधलेले बघायला थंडीत कुडकुडत फिरायचं, हा उद्योग मला मान्य नाही. झाड बघायचं तर दिवसा बघावं. तेव्हा हे सगळं क्लिफचं आहे, तो सांगतो तसं मांडतो. त्याला थापा मारता येत नाहीत. लहानपणी एकदा मारायला गेला तर कान लाल झाले होते. तो हे सांगत होता तेव्हा मी त्याच्या कानांकडंच बघत होतो.

१

क्लिफनं जन्मभर बस चालवली, वरच्या माळावरच्या अरुंद रस्त्यांवर. दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं आणि मध्ये जेमतेम एक गाडी मावेल एवढी फट. समोरून कुणी आलं की एकानं मागं घ्यायची. क्लिफ नेहमी घ्यायचा. समोर चिमुकली मोटार असली तरी हा भरलेली बस मागं घ्यायचा. मग समोरचा स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा, हाही एक बोट उचलायचा, झालं. आमच्याकडं यालाच माणुसकी म्हणतात. मी म्हणायचो, तुझ्या कण्यालाच उलटा गिअर बसवलाय. त्यावर तो हसायचा.

बायको गेल्यापासून मुलीचा संसार हाच त्याचा संसार. मुलगी जनीन, जावई गॅविन, सात वर्षांचा टॉबी, आणि क्लिफ सांगतो तशी तीन वर्षांची मेबल. आठवड्यातले दोन दिवस पोरं शाळेनंतर त्याच्याकडं असत. त्या दोन दिवसांच्या आशेवर तो बाकीचे दिवस ढकलायचा.

हॉलिन्स पार्कात दर डिसेंबरला दिव्यांची वाट मांडतात. जुन्या जमीनदाराची बाग आहे, जमीनदार केव्हाच संपले. एका फाटकातून आत शिरायचं, बाण दाखवतील तसं चालायचं आणि दुसऱ्या फाटकातून बाहेर पडायचं. जनीननं तिकिटं काढली होती. चहाची वेळ टळली की अंधार पडतोच, तेव्हा ही मंडळी पोचली. गाड्या शेतात लावायच्या होत्या. चिखलावर पेंढा पसरला होता, पण चिखल कधीच गोठून दगड झाला होता.

"बाबा, टोपी?" जनीन म्हणाली.

"डोक्यावर आहे."

"ती नव्हे. लोकरीची."

"ती खिशात आहे. खिशाला थंडी वाजत होती."

मेबलनं उतरल्या उतरल्या जाहीर केलं, की ती बाबागाडीत बसणार नाही. बाबागाडी बाळांना असते. तिनं पिवळे गमबूट घातले होते, डावा उजव्या पायात आणि उजवा डाव्यात. कुणी बदलायला गेलं की ती पाय पोटाशी घ्यायची. "माझे पाय आहेत," म्हणायची.

"राहू दे गं," गॅविन म्हणाला. "बाबागाडी राहू दे डिकीत. दमली की आबा आहेत खांद्यावर घ्यायला."

"आबांचा खांदा गेल्या वर्षी निखळला होता," क्लिफ म्हणाला.

"मग दुसरा आहे ना," टॉबी म्हणाला.

असे सगळे हसत आत गेले. क्लिफ म्हणतो, हे लिही. हसत गेले हे लिही.

२

वाट चांगली होती, हे तो कबूल करतो. बीच जातीची उंच झाडं खालून जांभळी उजळली होती. गवतावर तारेची हरणं होती, त्यांच्या पोटात दिवे. झुडपांत भोंगे दडवलेले, त्यांतून नाताळची गाणी इतकी सावकाश वाजत होती की एका शब्दाचा दुसऱ्याशी संबंध राहत नव्हता. एक देखावा संपला की दुसरा सुरू होईपर्यंत अंधाराचा पट्टा लागायचा. तिथं घोट्याशी लावलेले बारके दिवे तेवढे असत. बाकी लोकांच्या तोंडची वाफ, आणि बुटांखाली चुरचुरणारी खडी.

"आबा, तुमच्या नाकातही बल्ब बसवलाय का?" टॉबी म्हणाला. "लाल पेटलंय."

"तुझ्या आजीनं बसवला होता. अजून चालतोय."

त्यातल्याच एका अंधाऱ्या पट्ट्यात समोरून एक बाई बाबागाडी ढकलत आली. हिरवट डगला, त्याची टोपी पुढं ओढलेली. शाळेच्या फाटकाशी उभ्या असतात तसल्या बायकांपैकी एक. पुन्हा भेटली तर ओळखू येणार नाही अशी.

"सॉरी हं," ती म्हणत होती. "सॉरी. जरा जाऊ देता?"

आमच्याकडं हा शब्द म्हणजे चावी आहे. कुणी आपला पाय तुडवला तरी माफी आपणच मागतो आणि अंग चोरून वाट करून देतो. सगळे एका बाजूला, गवतावर सरकले. "सॉरी," जनीन म्हणाली. "सॉरी," गॅविन म्हणाला. मेबलनंही पोट आत ओढून म्हटलं, "शॉरी."

"शहाणी माझी ती," जनीन म्हणाली.

बाळ दिसलं की हसायचं असतं, म्हणून क्लिफनं सवयीनं गाडीत डोकावलं. गाडी रिकामी होती. आत घडी घातलेली चादर, आणि वर पावसात ओढायचं ते पारदर्शक प्लास्टिक, चारी बाजूंनी नीट बसवलेलं. पाऊस तर नव्हताच.

"पोर हरवलं की काय तिचं?" क्लिफ म्हणाला.

"बाप घेऊन गेला असेल शू करायला," गॅविन म्हणाला.

"पण वाट एकाच दिशेची आहे ना?"

"क्लिफ, तुम्ही आता बसवर नाही आहात."

ते खरंच होतं. 

३

पुढं लोखंडी परातींत विस्तव केला होता आणि मार्शमेलोचे मऊ गोड गोळे काठ्यांना टोचून भाजायला देत होते. तिथं आणखी एक कुटुंब होतं. पांढऱ्या लोकरी टोपीतली आई, दाढीवाला बाप, दोन मुलगे आणि लाल कोटातली एक मुलगी, मेबलएवढीच. मुलीची काठी विस्तवात पडली. तिनं भोकाड पसरलं, तेव्हा बापानं कपाळाला हात लावत दुसरी घेतली. गप्प झाल्यावर तिनं मेबलला जीभ दाखवली. मेबलनंही दाखवली. क्लिफला हे दोन्ही जिभांसकट आठवतं.

तिथून पुढं तळ्यावर लाकडी पूल होता. पाण्यावर दिव्यांचे हंस सोडले होते. पूल अरुंद होता, म्हणून ते कुटुंब पार होईपर्यंत क्लिफची मंडळी अलीकडं गवतावर थांबली. आमच्यात असं थांबतात. कुणी सांगावं लागत नाही.

पुलाच्या पलीकडून ती बाई आली.

क्लिफला आधी एवढंच वाटलं, की ही तर मागं गेली होती, मग पुढून कशी आली? मग त्यानं स्वतःलाच समजावलं, की आडवाट असेल. बागेला आडवाटा असतातच. पोर सापडलं नसेल म्हणून बिचारी गरगर फिरत असेल.

"सॉरी हं. जरा जाऊ देता?"

पुलावर एका बाजूला सरायला जागा नव्हती. आई मुलीला घेऊन एका कठड्याला चिकटली, बाप दोघा मुलांना घेऊन दुसऱ्या. बाबागाडी मधून आली. फळ्यांवर चाकांचा आवाज आला. पूल उतरून ती क्लिफजवळून गेली, तेव्हा तिच्यात दोन गोष्टी बदललेल्या होत्या. प्लास्टिक आतून धुरकटलं होतं. भरलेल्या बसच्या काचा हिवाळ्यात धुरकटतात तसं. आणि दुसरी गोष्ट बदललेली नसेलही, क्लिफला ती आत्ता दिसली इतकंच. पुलाजवळ उभ्या प्रत्येक माणसाच्या तोंडाशी वाफ होती. ती बाई बोलत होती, पण तिच्या तोंडाशी वाफ नव्हती.

क्लिफनं पुलाकडं बघितलं. ते कुटुंब चालायला लागलं होतं. आई, बाप, दोन मुलगे. आईचा उजवा हात अंगापासून थोडा दूर होता, पंजा खाली, बोटं अर्धवट मिटलेली, लहान मुलाचा हात धरतात तशी. थोडं अंतर ती तशीच चालली. मग तिनं त्या हाताकडं बघितलं आणि तो खिशात घातला. बाप हातातल्या जास्तीच्या काठीकडं बघत होता. ही आपण कशाला घेतली, असं. मग त्यानं त्यावरचा मार्शमेलो खाऊन टाकला.

तळ्याचं पाणी ढवळलेलं नव्हतं. हंस होते तिथंच होते. कुणी ओरडलं नव्हतं.

४

क्लिफ गुडघे सांभाळत धावला. "अहो, तुमची मुलगी?"

आई हसली. "मुलगी कुठली? हे दोनच आहेत. आणि हेच पुरे झालेत."

"लाल कोटातली."

"सॉरी हं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाची तरी असेल." आणि मुलांना घेऊन पुढं गेली. जरा लगबगीनं गेली, म्हाताऱ्यापासून लोक जातात तशी.

असेलही दुसऱ्या कुणाची, क्लिफनं विचार केला. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. सगळीकडं बल्ब, सावल्या, पोरंच पोरं. आपल्या वयाच्या माणसानं मुली मोजू नयेत. असं त्यानं स्वतःला बरंच काही सांगितलं आणि ते पटतही आलं होतं.

तेवढ्यात मेबलनं त्याची बाही ओढली. "आबा, जीभवाली कुठं गेली?"

मग मात्र त्यानं तिचा हात घट्ट धरला.

"आपण परत फिरू," तो जनीनला म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

"का? बरं वाटत नाहीये का?"

"नाही वाटत. फिरू."

पिवळं जाकीट घातलेला राखणदार तिथं उभा होता. त्यानं मान हलवली. "मागं नाही जाता येणार, काका. मागून लोक येतायत. पुढं थोडंच राहिलंय."

"मग ती बाई कशी जाते?"

"कुठली?"

"बाबागाडीवाली! आत्ता गेली तुझ्या नाकासमोरून."

"इथून उलटं कुणी गेलेलं नाही," तो म्हणाला. नम्रपणे म्हणाला. "आम्ही जाऊच देत नाही."

क्लिफ हट्टाला पेटला, तेव्हा जनीननं आवाज खाली आणला. "बाबा, एवढ्या लोकांना ढकलत उलटं जायचं? सगळे बघतायत हो."

सगळे खरंच बघत होते. क्लिफ मला म्हणाला, तिथंच माझं चुकलं. त्यांना ढकलायला पाहिजे होतं. कोपरानं वाट काढायला पाहिजे होती, शिव्या खात. पण जन्मभर ज्यानं दुसऱ्याला वाट दिली त्याला ते जमेना. त्यानं मेबलला उचलून चांगल्या खांद्यावर घेतलं, तिच्या दोन्ही बुटांचे घोटे मुठीत धरले आणि तो पुढं चालू लागला.

५

शेवटी बोगदा होता. वाटेवर कमानी उभारून त्यांना पांढऱ्या बल्बांच्या माळा इतक्या गच्च गुंडाळल्या होत्या की आत सावलीच पडत नव्हती. रुंदी दोन माणसांची. सगळी दुनिया तिथं फोटो काढते.

"मला खाली!" मेबल म्हणाली. "मला हात लावायचाय!"

"नाही."

"मी मोठी आहे!"

"बाबा, द्या तिला. फोटो घेऊ," जनीन म्हणाली. क्लिफनं तिला उतरवलं, पण हात सोडला नाही. "बाबा, तुम्ही मध्ये येताय. तिला टॉबीपाशी उभी करा ना. एक मिनिट."

एक मिनिट. त्यानं हात सोडला. टॉबीनं वेडीवाकडी तोंडं केली, मेबलनं त्याची नक्कल केली. गॅविननं जाऊन मेबलचा हात धरला, ती दिवे उपटायला लागली होती म्हणून. मागची माणसं फोटोत येऊ नयेत म्हणून शहाण्यासारखी थांबली होती. म्हणून बोगदा पुढं पार रिकामा होता. त्या रिकाम्या टोकातून ती येताना दिसली.

एवढ्या उजेडातही टोपीच्या आत अंधार होता. गाडी जड झाली होती. चाकं खडीत रुतत होती.

"सॉरी हं. जरा जाऊ देता?"

"सॉरी," जनीन म्हणाली आणि टॉबीला ओढून डाव्या बाजूला झाली. गॅविन मेबलला घेऊन उजव्या बाजूला झाला. मध्ये वाट पडली.

त्या वाटेत क्लिफ उभा राहिला. पाय फाकवून, मधोमध.

"नाही," तो म्हणाला.

बाबागाडी त्याच्या गुडघ्याशी येऊन थांबली. बाईनं धक्का दिला नाही. चिडली नाही. रांगेत उभं राहतात तशी ती उभी राहिली. त्या क्षणी क्लिफला एक गोष्ट कळली. कशी कळली ते विचारू नका. माळावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की समोरचा किती दम धरू शकतो ते न बोलता कळतं, तशी कळली. कुणी वाट दिल्याशिवाय हिला जाता येत नाही.

"मागं घ्या, बाई," तो म्हणाला. "मी घेणार नाही."

"सॉरी हं," ती म्हणाली. "जरा जाऊ देता?"

मागं कुजबुज सुरू झाली. कुणी जिभेनं चुकचुक केली. "आजोबांना दारू चढली वाटतं," एक जण म्हणाला. दुसरी म्हणाली, "बाळ आहे हो गाडीत, थंडीत." जनीनचे गाल लाल झाले. "बाबा, प्लीज. प्लीज हो."

क्लिफ खाली बघत होता. प्लास्टिक आतून दुधासारखं पांढरं झालं होतं. त्यावर आतल्या बाजूनं एक बोट फिरलं. बारीक बोट. एक गोल काढला. गोलात दोन टिंबं. शाळेच्या फेरीला मागच्या बाकावरची पोरं बसच्या काचेवर काढतात तसं तोंड. त्यानं आरशात हजारदा बघितलं होतं. पण खालची रेघ काढायच्या आधीच ते बोट थांबलं, आणि दुसऱ्याच जागेवरून, त्याहून लहान एका हातानं ते तोंड पुसून टाकलं.

"क्लिफ!" गॅविननं त्याचा दंड धरला. "वेड लागलंय का तुम्हाला? जाऊ द्या त्यांना!"

"गॅविन, पोरीला उचल. पोरीला आधी उचल!"

"तमाशा करू नका. सरका!"

क्लिफ हलला नाही. म्हातारा असला तरी अंगानं भरीव आहे तो, आमच्या घरात सगळे तसेच. एका हातानं काही तो हलेना. म्हणून गॅविननं दुसराही हात लावला.

त्या दुसऱ्या हातात मेबलचा हात होता.

दोघं धडपडत कमानीवर जाऊन आदळले. बल्ब फुटल्याचा आवाज झाला. "सॉरी," गॅविन धापा टाकत त्या बाईला म्हणाला, "सॉरी हं, ते जरा..." वाट मोकळी होती. पलीकडच्या कमानीला पाठ लावून मेबल एकटीच उभी होती. चुकीच्या पायातले पिवळे बूट जुळवलेले. तिनं त्या बाईकडं वर बघितलं. शिकवलं होतं तसं पोट आत ओढलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "शॉरी."

बाबागाडी मधून गेली.

जाताना त्या बाईनं क्लिफकडं मान वळवली नाही. दांडीवरचं एक बोट तेवढं तिनं उचललं, आभार मानल्यासारखं. माळावर मानतात तसं.

६

पलीकडची कमान उजळलेली होती. तिच्यासमोर कुणी नव्हतं.

"मेबल!" क्लिफ ओरडला. त्यानं मागं धाव घेतली. मागच्या लोकांत घुसला, या वेळी कोपरं मारत. ते सगळे "सॉरी, सॉरी" करत बाजूला होत होते. त्यांच्या पलीकडं वाटेवर बाण होते, दिवे होते, हरणं होती. बाबागाडी नव्हती.

राखणदार धावत आले. त्यांनी त्याला बाकावर बसवलं, अंगावर चादर टाकली, कागदी पेल्यात गोड चहा दिला. जनीन समोर उकिडवी बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बाबा, कुणाला हाक मारताय?"

"मेबलला. अगं, मेबलला!"

"कोण मेबल?"

क्लिफ तिच्या तोंडाकडं बघत राहिला. ती थट्टा करत नव्हती. तिचा डावा हात अंगापासून थोडा दूर होता, बोटं अर्धवट मिटलेली. त्यानं तो हात आपल्या हातात घेतला. पंजाचा आतला भाग ऊबदार होता. बाहेरून बर्फ आणि आतून ऊब.

"टॉबी," तो म्हणाला. "तू सांग. तुझी बहीण."

टॉबी आईच्या मागं सरकला. "आबा असं का बोलतायत?"

गाडीशी आल्यावर जनीननं मागचं दार उघडून टॉबीचा पट्टा लावला. मग सवयीनं वळसा घालून दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि आत वाकली. तशीच वाकून राहिली. तिथं पोराची दुसरी खुर्ची होती. बिस्किटाचा चुरा, एक मोजा.

"ही कुणाची रे?" तिनं विचारलं.

गॅविननं बघितलं. चेहऱ्यावरून काहीतरी सरकल्यासारखं झालं, पण ते थांबलं नाही. "शेजारच्यांची असेल. मागं आपण त्यांच्या पोराला सोडलं होतं ना," तो म्हणाला. खुर्ची काढून त्यानं डिकीत टाकली. तिथं घडी घातलेली बाबागाडी होती. तिच्याकडंही तो जरा वेळ बघत राहिला आणि मग डिकी लावली.

गाडी घराकडं निघाली. मध्येच एकदा जनीननं मागं वळून बघितलं, आणि कशासाठी बघितलं ते न आठवून पुन्हा पुढं बघितलं.

७

डॉक्टरनी क्लिफला घड्याळ काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले. सगळं बरोबर आलं. तरी जनीन आता टॉबीला त्याच्याकडं एकटं ठेवत नाही. ती वाईट नाही. घाबरलीय. रात्री ती कशी झोपते ते मला माहीत नाही, पण परवा ती माझ्याकडं आली होती आणि उभ्या उभ्या डोलत होती, पोर कडेवर असलं की बायका डोलतात तशी. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, कुठं काय?

आता खरं ते सांगतो. मला मेबल आठवत नाही. क्लिफनं तिचं नाव पहिल्यांदा घेतलं तेव्हा मीही तोंड आ करून बघत बसलो. माझ्या भावाची नात, आणि माझ्या डोक्यात तिचा एक केससुद्धा नाही. मी त्याला म्हणणार होतो, की क्लिफ, म्हातारा झालास. पण माझ्या स्वयंपाकघरातल्या खालच्या कपाटाच्या मुठींना दोरी बांधलेली आहे. गाठ माझी आहे, मी अशीच मारतो. आत फिनेल आणि उंदरांचं औषध. मी एकटा माणूस. टॉबी सात वर्षांचा आहे, त्याला ती दोरी एका हातानं सुटेल. मग ही मी कुणासाठी बांधली? रोज सकाळी गुडघा दुखत असताना वाकून ती सोडतो, आणि रोज पुन्हा बांधतो. काढून टाकवत नाही.

लिहिण्याची घाई यासाठी, की आता क्लिफचंही निसटायला लागलंय. काल त्यानं मला विचारलं, "वॉल्ट, बूट पिवळे होते ना रे?" मी म्हटलं, तूच तसं सांगितलंस. तो म्हणाला, "असेल." असेल! परवापर्यंत त्याला तिच्या बुटाच्या टाचेवरचा ओरखडा आठवत होता. मला वाटतं, तो त्या बाईला आडवा उभा राहिला म्हणून त्याच्याकडं एवढं तरी उरलं. पण शेवटी त्यालाही बाजूला केलंच ना. त्यानं वाट दिली नाही, पण ती त्याच्याकडून काढून घेतली, आणि तेवढं पुरलं.

गॅविन दर रविवारी येतो. मटण भरलेली खारी पेस्ट्री आणतो, क्लिफला आवडते म्हणून. बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून विचारतो, "क्लिफ, बरं आहे ना आता?" मागच्या रविवारी जाताना दारात मला म्हणाला, "तुम्ही त्यांच्या डोक्यात भलतं भरू नका. दोघंही आता तरुण नाही राहिलात." मी तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली. क्लिफच्या दंडावर त्याच्या बोटांचे काळेनिळे वळ होते. ते गेले. त्यांचं काही नाही.

पण त्यानं माफी मागायला हवी. दुकानात, जिन्यात, रस्त्यावर दिवसातून शंभरदा मागतो, त्या बाईचीसुद्धा मागितली. माझ्या भावाची मागितलेली नाही. कशाबद्दल मागायची तेच त्याला माहीत नाही, आणि कुणी सांगितलं तर त्याला ते झेपेल असं मला वाटत नाही. म्हणून क्लिफ सांगत नाही. नुसतं म्हणतो, त्याचं नाव लिहून ठेव, वॉल्ट, पुढंमागं मी विसरलो तर भलत्यालाच दोष द्यायला नको. लिहितो.

गॅविन एन्टविसल. मेबलचा बाप.